एरिक रॅव्हिलियस: निसर्गचित्रं काढणारा माणूस युद्धावर गेला तेव्हा

रानवाट

लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने इंग्लंडात होते, ससेक्समध्ये, समुद्रापासून फार लांब नाही. बाळ झोपलं की मला दुपारी दोन तास मोकळे मिळायचे आणि जावई म्हणाला आई ईस्टबोर्नला टाउनर नावाची गॅलरी आहे तिथे जाऊन या, तुम्ही चित्रकलेच्या बाई, तुम्हाला आवडेल. गेले. आणि तिथून बाहेर पडल्यापासून डोक्यात एकच माणूस बसलाय, त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून हा धागा.

एरिक रॅव्हिलियस. जन्म 1903, लहानपण याच ईस्टबोर्नमध्ये गेलं, इथल्याच आर्ट स्कूलमध्ये आणि मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकला. जलरंगात इथल्या टेकड्या रंगवायचा. या टेकड्या म्हणजे साउथ डाउन्स, आणि त्या अख्ख्या खडूच्या आहेत. तीस वर्षं फळ्यावर खडू झिजवला मी, पण खडूचा डोंगर असतो आणि वरचं हातभर गवत काढलं की खाली पांढराशुभ्र निघतो हे वयाच्या बासष्टाव्या वर्षी बघितलं.

टाउनरमध्ये त्याचं 'डाउन्स इन विंटर' आहे, 1934 च्या सुमाराचं. चित्रात काय आहे तर नांगरलेली, उतरती जमीन, मागे टेकडीची ओळ आणि पुढे शेतात सोडून दिलेला एक रोलर, आपल्याकडे मैदानावर फिरवतात तसला. माणूस नाही, बैल नाही, पक्षी नाही. रंग म्हणाल तर मातकट, फिका, राखाडी. मी आधी पुढे निघून गेले आणि मग परत आले, कारण काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. जवळ जाऊन बघितलं तर त्या सपाट दिसणाऱ्या शेतात एकही सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, नाही. सगळ्या बारीक बारीक रेघा, कोरड्या ब्रशने ओढलेल्या, एकीशेजारी एक, आणि मधून कागद दिसतोय. म्हणजे उजेड त्याने रंगवलेलाच नाही, उजेड कागदाचा आहे, त्याने फक्त तो बुजू दिला नाही.

आता मुख्य गोष्ट. 1939 साली युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सरकारने चित्रकारांना काम देणारी एक समिती नेमली, वॉर आर्टिस्ट्स अॅडव्हायझरी कमिटी, नॅशनल गॅलरीचे डायरेक्टर केनेथ क्लार्क तिचे प्रमुख. या समितीने फेब्रुवारी 1940 मध्ये रॅव्हिलियसला नेव्हीकडे पाठवलं, रॉयल मरीन्समध्ये मानद कॅप्टनचा हुद्दा देऊन. काम काय, तर युद्ध रंगवा. आणि या माणसाने तोवर काय रंगवलं होतं? रोलर, काचघरं, रिकामे पलंग, चहाचं टेबल. मला उत्सुकता होती की आता हा काय करणार. हात बदलणार का, रंग भडक होणार का, आग धूर येणार का.

तर काहीच बदललं नाही! पहिल्याच महिन्यांतलं एक चित्र बघा, चॅटमच्या गोदीजवळचं. बर्फ पडलाय आणि रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर जहाजाचा प्रचंड पितळी पंखा बांधून ठेवलाय. बस. बर्फात येण्याजाण्याच्या खुणा उमटल्यात, माणसं निघून गेलीत. तोच रोलर आहे हो हा! शेतातला रोलर उचलून त्याने युद्धात नेऊन ठेवलाय असं वाटलं मला.

लेकीने लायब्ररीतून त्याचं जाडजूड पुस्तक आणून दिलं आणि रात्री बाळाला मांडीवर घेऊन मी ती युद्धाची चित्रं बघत बसायचे. मला ती फार खरी वाटतात. पण माझं मलाच नीट सांगता येत नाही की का, कारण त्यात युद्धात जे होतं ते कुठेच होत नाहीये. तुम्ही कुणी बघितलीत का? काय वाटलं?

ओला_कागद

ताई धागा उघडला आणि पहिलं वाक्य वाचूनच चहा बाजूला ठेवला. रॅव्हिलियस माझा जुना आजार आहे.

रेघांबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर आणि त्याचं मूळ सांगतो. हा माणूस मुळात वुड एनग्रेव्हिंगवाला. बॉक्सवुडसारख्या टणक लाकडाचा आडवा कापलेला ठोकळा घ्यायचा आणि त्यावर बारीक पोलादी हत्याराने कोरायचं. जे कोराल ते छापताना पांढरं येतं आणि जे शिल्लक राहील ते काळं. म्हणजे तुमच्या हातातलं हत्यार उजेड काढतं, अंधार नाही. वर्षानुवर्षं असं काम केलेला हात जेव्हा जलरंगाकडे येतो तेव्हा तो आपल्यासारखा विचारच करत नाही. आपण काय शिकलो? कागद ओला करा, आकाश एका दमात सोडा, रंगाला वाहू द्या, वाहता वाहता जे होईल ते झेला. आबालाल रहिमान, हळदणकर, आपली सगळी परंपरा त्या पारदर्शक ओलाव्याची, आणि मला तिचा अभिमान आहेच. पण रॅव्हिलियस बघितल्यावर कळतं की पाणी जवळजवळ न वापरताही जलरंग होतो. ब्रश रंगात बुडवायचा, फडक्यावर टिपायचा, आणि उपाशी ब्रशने रेघ ओढायची. मध्येच रंग संपतो आणि रेघ तुटते, आणि ती तुटलेली जागा म्हणजे गवतावरचं ऊन.

आणि पॉल नॅश त्याला रॉयल कॉलेजमध्ये शिकवायला होता हे पण सांगायला हवं. नॅश म्हणजे पहिल्या महायुद्धातला सरकारी चित्रकार. त्यामुळे युद्ध रंगवायचं म्हणजे काय याचं एक मोठं उदाहरण याच्या डोळ्यासमोर होतं, आणि तरी त्याने ते उचललं नाही.

नेमका

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

पॉल नॅशचं नाव निघालं म्हणून बरं झालं. नॅशचं 1918 चं चित्र बघा, 'वुई आर मेकिंग अ न्यू वर्ल्ड'. तोही निसर्गचित्रकारच. त्यातही माणूस नाही. पण झाडांचे जळके खुंट आणि जमिनीवर उठलेले चिखलाचे गोळे बघितले की पोटात ढवळतं. आघाडीवरून त्याने बायकोला पत्र लिहिलं होतं की आता मी चित्रकार राहिलो नाही, मी निरोप्या आहे, तिथे लढणाऱ्या माणसांचा निरोप मी हे युद्ध चालू ठेवू पाहणाऱ्यांकडे नेणार. याला म्हणतात जबाबदारी. सरकारचं काम घेतलं, सरकारचे पैसे घेतले आणि तरी सरकारला जे नको होतं ते रंगवून दाखवलं.

आता रॅव्हिलियस. समिती कोणाच्या खात्याची होती? मिनिस्ट्री ऑफ इन्फर्मेशनची, म्हणजे सरळ प्रचारखातं. त्यांना हवीच होती अशी चित्रं, शांत, सुंदर, स्वच्छ. पंखा छान, बर्फ छान, विमानं छान. 1940 च्या नॉर्वेच्या मोहिमेत माणसं मरत होती आणि तिथे जहाजावर असलेला हा घरी पत्रं लिहितोय की मध्यरात्रीचा सूर्य किती सुंदर आहे. चित्र म्हणून सुंदर आहेत, मान्य. पण युद्धाचं चित्र म्हणून मला ती पळवाट वाटतात. सॉरी.

लीड्सकर

नेमका यांच्याशी अर्धा सहमत अर्धा नाही, सविस्तर नंतर लिहितो, आता ऑफिसात आहे. फक्त एक, आमच्या लीड्सच्या गॅलरीच्या संग्रहात त्याचं बंदराबाहेरच्या बॅरेज बलूनचं चित्र आहे, 1940 चं. तारेच्या दोराने बांधलेले ते मोठ्ठे फुगे, शत्रूच्या विमानांना खाली येता येऊ नये म्हणून आकाशात सोडलेले. जहाजावरून ते वर चाललेत, आणि इतकं हलकं चित्र आहे की पहिल्यांदा बघताना मी हसलो होतो, जत्रेतले फुगे वाटले. मग कळलं कशासाठी आहेत. ते हसू मला अजून आठवतं.

खलाशी_कोकणातला

रानवाट ताई, नमस्कार. मी चित्रातलं काही कळणारा नाही. नेव्हीत इंजिन रूममध्ये नोकरी केली, जुन्या विक्रांतवर पण होतो काही वर्षं. तुमच्या धाग्यामुळे ही चित्रं शोधून शोधून बघितली, नातवाने टॅबवर मोठी करून दिली.

तो पंखा. आमच्यात त्याला स्क्रूच म्हणतात. नेमका साहेब, तुम्ही छान पंखा म्हणालात म्हणून सांगतो. जहाजाचा स्क्रू पाण्याबाहेर दिसतो केव्हा? जहाज सुक्या गोदीत घेतलं तर. आणि बंदराच्या यार्डात स्क्रू एकटाच गाडीवर चाललाय म्हणजे एकतर कुठल्या तरी जहाजाचा तो गेलाय आणि नवा चाललाय, किंवा नवीन जहाज घाईघाईने बांधताहेत. मी ते चित्र बघून पहिला विचार हा केला की कोणाचा असेल. रक्त नाही दाखवलेलं हे खरं आहे. पण इंजिन रूमवाल्याला ते चित्र बघून गप्प बसायला होतं.

आणि लढाई म्हणजे काय हो? आम्ही महिना महिना समुद्रात असायचो. त्यात काय करायचो तर ग्रीस लावायचो, नट आवळायचो, गेज बघायचो, वाट बघायचो. त्याची पाणबुडीतली छापचित्रं बघितली मी, जेमतेम वळायला जागा, सगळीकडे चाकं आणि पाईप. इथे मला माझी नोकरी दिसली. आजवर युद्धाच्या एवढ्या चित्रांत, सिनेमांत ती मला कधी दिसली नव्हती.

नेमका

काका तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. पण तुम्हाला दिसतं कारण तुम्ही तिथे होता. जो नव्हता त्याला त्या चित्रातून काय कळणार? त्याला छान पंखाच दिसणार ना. चित्रकाराने चित्र कोणासाठी काढायचं, ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी की ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी?

रानवाट

नेमका, हा प्रश्न फार चांगला विचारलात, दोन दिवस मी याच्यावरच विचार करत होते आणि बाळाचे लंगोट वाळत घालताना सुद्धा मनात उत्तरं जुळवत होते.

पहिलं म्हणजे त्याने माणसं वगळली ती सरकारसाठी नाही. 1934 मध्ये कोणतं मंत्रालय त्याला सांगत होतं की शेतात शेतकरी काढू नकोस? 'टी ॲट फर्लाँग्स' बघा, 1939 च्या उन्हाळ्यातलं. अंगणात चहाचं टेबल मांडलंय, कपबश्या आहेत, वर छत्री उघडलीय, मागे टेकड्या, आणि खुर्च्यांवर कोणी नाही. युद्ध जेमतेम महिन्यावर आलेलं. चहा कोण पिणार होतं आणि ते कुठे गेलेत हे चित्र सांगत नाही. त्याची सवयच ही होती, माणूस आत्ताच उठून गेलाय किंवा येणार आहे अशी जागा रंगवायची. शांततेच्या काळात ती सवय म्हणजे एक तऱ्हा होती. युद्धात त्याच सवयीचा अर्थ बदलला, त्याने न बदलता. मी सुरवातीला लिहिलं ना की हात बदलला नाही, मला वाटतं मला जे खरं वाटतं ते इथे आहे. खुर्ची रिकामी असणं 1939 च्या आधी वेगळं आणि नंतर वेगळं.

दुसरं, त्याच वर्षी काढलेलं आगगाडीचं चित्र, 'ट्रेन लँडस्केप'. थर्ड क्लासचा डबा, समोरासमोर बाकं, दारावर 3 आकडा, खिडकी वर खाली करायचा चामडी पट्टा लोंबतोय आणि बाहेर टेकडीवर वेस्टबरीचा पांढरा घोडा. गवत काढून खडू उघडा करून टेकडीवर अशी मोठाली चित्रं कोरलेली आहेत इंग्लंडात, कुठे घोडा, कुठे माणूस. रॅव्हिलियस 1939 मध्ये ती एकामागून एक रंगवत फिरला, मुलांसाठी पुस्तक करायचं होतं. आणि युद्धात यातल्या काही आकृत्या झाकाव्या लागल्या, कारण शत्रूच्या वैमानिकाला वरून खूण सापडली असती. विचार करा, हजारो वर्षांचा अफिंग्टनचा घोडा, त्याच्यावर फांद्या आणि गवत घालून ठेवलं. याने तो झाकायच्या आधी कागदावर उतरवून घेतला होता.

पण तुमचा तिसरा मुद्दा, त्याच्या पत्रांचा, तो मलाही सलतो. नॉर्वेच्या मोहिमेवर तो खूश होता हे खरं आहे. एवढा मोठा धोका आणि याला उजेडाचं कौतुक. मला यावर उत्तर नाही. मी एवढंच म्हणेन की ज्याने तो उजेड बघितला त्यानेच तो काढला, आणि दुसऱ्या कोणी काढला नाही.

खलाशी_कोकणातला

नॉर्वेचा विषय निघाला म्हणून ग्लोरियसचं लिहितो, हे मला चांगलं माहीत आहे कारण विमानवाहू जहाजावर काम केलेल्या प्रत्येकाला माहीत असतं.

ताईंचा चित्रकार एचएमएस हायलँडर या विनाशिकेवर होता. जून 1940, ब्रिटिश नॉर्वेतून माघार घेत होते. तिथली हरिकेन विमानं मागे सोडायची नाहीत म्हणून वैमानिकांनी ठरवलं की ती ग्लोरियसच्या डेकवर उतरवायची. आता हे काय आहे ते समजून घ्या. विमानवाहू जहाजावर उतरणाऱ्या विमानाला शेपटीकडे हुक असतो, तो डेकवरच्या तारेत अडकतो तेव्हा विमान थांबतं. विक्रांतवर सी हॉक उतरताना तो झटका आम्हाला खाली इंजिन रूमपर्यंत कळायचा. हरिकेनला हुकच नव्हता, ते जमिनीवरचं विमान. शेपटीत वाळूच्या पिशव्या भरून, वजन मागे घेऊन, ही पोरं उतरली आणि सगळीच्या सगळी सुखरूप उतरली. असं त्यापूर्वी कोणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, 8 जूनला, शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाव या जर्मन युद्धनौकांनी ग्लोरियसला गाठलं. ती आणि सोबतच्या आर्डंट, अकास्टा या दोन विनाशिका, तिन्ही बुडाल्या. 1,500 हून जास्त माणसं गेली. वाचली ती चाळीसच्या आसपास.

ते चित्र नातवाने मोठं करून दाखवलं. आर्क्टिकमधला समुद्र, सूर्य खाली, पाण्यावर उजेडाच्या पट्ट्या, जहाज एवढंसं आणि वर विमानं घिरट्या घालताहेत, उतरायची वाट बघत. नेमका साहेब, तुम्ही म्हणता ज्याला माहीत नाही त्याला काय कळणार. नातू चौदा वर्षांचा आहे, त्याला मी आधी काही सांगितलं नाही. तो म्हणाला आजोबा जहाज किती एकटं आहे. मग मी त्याला पुढचं सांगितलं.

नेमका

काका. मान्य. या चित्रापुरतं तरी माझं म्हणणं मागे घेतो.

पिवळं_पुस्तक

अरे थांबा थांबा, हा तोच रॅव्हिलियस आहे का, विस्डेनवाला?

क्रिकेटवाल्यांनो, विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकाच्या पिवळ्या कव्हरवर ते दोन टोपीवाले जुन्या जमान्यातले साहेब क्रिकेट खेळताहेत ते चित्र आठवतं का, एक बॅट घेऊन आणि एक मागे विकेटकीपर? 1938 च्या अंकासाठी ते वुड एनग्रेव्हिंग रॅव्हिलियसने केलं. गेली ऐंशी पंच्याऐंशी वर्षं ते विस्डेनची ओळख होऊन बसलंय. माझ्या वडलांनी दादरच्या फुटपाथवरून जुने अंक जमवले होते, शाळेत असताना मी ते चित्र पेन्सिलीने गिरवायचो, कोण काढलंय असा प्रश्नही कधी पडला नाही. आज पडला आणि लगेच उत्तरही मिळालं, आणि ते उत्तर असं की तो पुढे चार वर्षांत युद्धात मेला. जरा बसलो मी.

ओला_कागद

हो तोच. आणि वेजवुडच्या चिनीमातीच्या भांड्यांवर नक्षी करणारा पण तोच. आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचा मग केला, राजाने गादी सोडली, तेव्हा तीच नक्षी फिरवून सहाव्या जॉर्जसाठी वापरली. धंद्याचं काम आणि स्वतःचं काम यात तो मनाने फरक करत नसे, म्हणून मला सरकारी कामाचा आक्षेप त्याच्या बाबतीत फार टोचत नाही. कव्हर असो, मग असो, पाणबुडी असो, हात तेवढाच लावून केलेला.

सरकारी कामाबद्दल आणखी एक. त्याची पाणबुडीची लिथोग्राफ छापचित्रं समितीला छापायला महाग वाटली, तर त्याने ती स्वतःच्या खर्चाने छापली. फक्त नेमून दिलेलं काम उरकणारा माणूस असं करत नाही.

आणि ही चित्रं तेव्हा लोकांनी ताजी ताजी बघितली हे विसरू नका. 1940 च्या उन्हाळ्यात नॅशनल गॅलरीतली जुनी मोठी चित्रं बॉम्बच्या भीतीने वेल्सला हलवलेली, भिंती मोकळ्या, तिथे युद्धचित्रकारांचं नवीन काम लावायला सुरवात झाली. ज्यांचे मुलगे त्याच जहाजांवर होते ते लोक ती चित्रं बघायला येत होते.

सोनटक्का

सगळं वाचलं. एका व्यक्तीचं नाव अजून कोणीच घेतलं नाही म्हणून लिहिते. टर्झा गारवुड, त्याची बायको.

ती पण एनग्रेव्हर, त्याची विद्यार्थिनी होती आधी. 1930 मध्ये लग्न. तीन मुलं. मार्बल्ड पेपर करायची, म्हणजे पाण्यावर रंग तरंगवून त्याची नक्षी कागदावर उचलायची, आणि त्यातून पैसे मिळवायची. रानवाट ताई, तुम्ही लिहिलेलं ते आगगाडीचं चित्र, ते दोन चित्रांमधून जोडलेलं आहे. त्याला काही पटेना आणि हिने कापून चिकटवून ते चित्र वाचवलं. आवडलं नाही की फाडून टाकायची त्याला सवय होती. आज जे आपण त्याचं म्हणून बघतो त्यात तिची कात्री पण आहे.

1942 मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं. धाकटी मुलगी तेव्हा वर्षा सव्वा वर्षाची. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी तो आइसलँडला गेला. पुढे तिने दुसरं लग्न केलं, आजार परत आला, आणि शेवटच्या वर्षात अंथरुणावरून तिने ऑइलमध्ये चित्रं काढली, लहान लहान, बाहुल्यांची घरं, फुलं, किडे. 1951 मध्ये गेली, 42 वर्षांची होती. लंडनच्या डलविच गॅलरीत 2024 च्या शेवटी तिचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा कुठे लोकांना कळलं की ही कोण होती.

मागे राहिलेल्या खुर्चीबद्दल बोलताय ना सगळे, मग त्या घरात कोण राहिलं होतं ते पण लक्षात असू दे.

रानवाट

सोनटक्का, मनापासून धन्यवाद. त्या पुस्तकात तिचं नाव वाचलं होतं आणि मी पान उलटून पुढे गेले होते, याची मला खंत वाटते. बाळंतिणीच्या घरात बसून मी हे करायला नको होतं.

लीड्सकर

शेवटी वेळ मिळाला. आइसलँडचं कोणी नीट लिहिलेलं नाही म्हणून लिहितो.

28 ऑगस्ट 1942 ला तो विमानाने रेक्याविकला पोचला. आर्क्टिकचा उजेड त्याला परत बघायचा होता, नॉर्वेपासून तो त्यासाठी मागे लागलेला. 1 सप्टेंबरला तो काल्दादारनेसच्या हवाई तळावर गेला. त्याच दिवशी तिथलं एक हडसन विमान गस्तीवरून परत आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला शोधायला विमानं निघाली आणि यातल्या एकात रॅव्हिलियस बसला. ते विमानही परत आलं नाही. शोधलं, सापडलं नाही. वय 39. युद्धात मेलेला पहिला ब्रिटिश सरकारी चित्रकार. नंतर आणखी दोन गेले, अल्बर्ट रिचर्ड्स आणि थॉमस हेनेल. यातल्या हेनेलला 1943 मध्ये रॅव्हिलियसच्याच जागी आइसलँडला पाठवलं होतं.

मी अर्धा असहमत म्हणालो होतो ते यासाठी. पळवाट काढणारा माणूस हरवलेल्याला शोधायला जाणाऱ्या विमानात बसत नाही. त्याने बसायची गरज नव्हती.

खलाशी_कोकणातला

त्याचं नाव चॅटमच्या नेव्हल मेमोरियलवर आहे. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी जागा मिळाली नाही त्यांची नावं तिथे कोरतात. आमच्याकडे दीवला बुडालेल्या खुकरी या युद्धनौकेचं स्मारक आहे, 1971, 18 अधिकारी आणि 176 खलाशी. मी तिथे दोनदा जाऊन आलो. मरणाची बातमी वेगळी आणि परत आला नाही ही बातमी वेगळी. दुसऱ्या बातमीत घरचे दार लावत नाहीत बरीच वर्षं.

ताई, एक विचारायचं होतं. रिकामी जागा काढायची म्हणजे ती रिकामी दिसली पाहिजे, उगीच मोकळी नाही. हे कसं करतात? नातू विचारतोय.

रानवाट

काका, नातवाला सांगा की आधी ठरव कोण उठून गेलंय. आजी पाटावरून उठून गेली असेल तर पाट वेगळा दिसतो आणि कोणी बसलंच नसेल तर वेगळा. पाट जरा तिरका होतो, शेजारी तांब्या राहतो. माणूस मनात ठेवून वस्तू काढायची. रॅव्हिलियसने बर्फातल्या खुणा काढल्यात त्या यासाठी.

ओला_कागद

काल रविवारी हे सगळं डोक्यात घेऊन मेणवलीच्या घाटावर गेलो. दरवेळी ओल्या कागदावर नदी आणि आकाश सोडतो, काल ठरवलं की फक्त घाटाच्या पायऱ्या आणि कोरडा ब्रश. सकाळी साडेसात ते अकरा तीन कागद. पहिल्यावर सवयीने वॉश टाकला, गेला. दुसऱ्यावर रेघा आल्या पण सगळ्या एका दिशेला, पायऱ्या कंगव्यासारख्या दिसायला लागल्या. तिसऱ्यात धुणं धुऊन गेलेल्या बाईची ओली जागा होती, दगडावरचा गडद डाग, वाळत चाललेला, तेवढाच मनापासून काढला आणि बाकीचं सोडून दिलं. तो त्यातल्या त्यात बरा आलाय. पण पायऱ्यांवरचं ऊन मेलं, पांढरा राहिलाच नाही. कुठे चुकलो असेन?

रानवाट

फोटो मोठा करून बघितला. ओली जागा फार छान आलीय, तिची कड एका बाजूने फिकट होत गेलीय ती अगदी खरी आहे. चूक पायरीच्या उभ्या भागात आहे. तुम्ही आडव्यावर आणि उभ्यावर सारख्याच रेघा घातल्यात म्हणून दोन्ही सारखे राखाडी झाले. पुढच्या वेळी पायरीच्या आडव्या भागाला हातच लावू नका, कोरा ठेवा, फक्त उभ्यावर उतरत्या रेघा, आणि खाली जाल तशा विरळ. आणि साडेसातला नका जाऊ, तिथे ऊन पायऱ्यांवर तिरकं कधी पडतं ते एकदा नुसतं बसून बघा, ब्रश न काढता.